चावडीसमोरच्या कौसाकाकू

बायकांच्या शर्यतीत पहिली कोण आली, हे कौसाकाकूंना कधीच ठाऊक नसायचं. शर्यत त्यांनीच सुरू केलेली, बक्षिसाची घागर मुरुमच्या बाजारातून त्याच ठोकून-पारखून आणायच्या. पण शिट्टी वाजली की त्या ना सुरुवातीला दिसायच्या ना शेवटाला. त्या चावडीसमोर उभ्या असायच्या आणि त्यांची नजर पळणाऱ्या बायकांच्या पायांवर असायची. कुणाचं पाऊल मंदावलं की टाळी वाजवून म्हणायच्या, "इथं चालायचं न्हाय. पुढं जाऊन काय बी करा, बसा, झोपा. इथं पळा."

जिल्हा परिषदेच्या शाळेत नेमणूक झाली आणि मुरुमजवळच्या त्या गावात मी ट्रंक घेऊन उतरले, तेव्हा एकट्या बाईला खोली द्यायला कुणी तयार नव्हतं. काकूंनी दिली. अट एकच, बायकांच्या दूध संस्थेचे कागद त्यांना वाचून दाखवायचे. काकू संस्थेच्या चेअरमन होत्या; सही झोकात करायच्या, वाचता मात्र येत नव्हतं. घरात मुलगा, सून सुगंधा आणि तिच्या दोन मुली. सासू-सुनेचं भांडण मी कधी ऐकलं नाही. भांडण असतं तर बरं, असं मला पुढे पुढे वाटू लागलं.

संध्याकाळी उमरग्याची एसटी थांब्यावर येऊन हॉर्न द्यायची. त्या वेळी काकू धार काढत असोत की दाणे पाखडत असोत, त्यांचा हात थांबायचा. सुगंधाचा थांबत नसे. ती भाकरी थापत राहायची, जरा जोराने.

संस्थेला वर्ष झालं तेव्हा तालुक्याचे साहेब म्हणाले, बायकांसाठी काही कार्यक्रम ठेवा, संगीत खुर्ची म्हणा, रांगोळी म्हणा. काकू म्हणाल्या, पळायचं ठेवू. साहेबांना ती थट्टा वाटली. संस्थेच्या दारापासून चावडीवरून एसटी थांब्यापर्यंत, अशी वाट काकूंनी ठरवून टाकली. शिट्टी वाजवायचं काम माझ्याकडे आलं, कारण गावात शिट्टी माझ्याकडेच होती.

लुगडी आवळून खोचून बायका अशा सुटल्या की मी बघतच राहिले. मी बोळातल्या जवळच्या वाटेने पुढे पोचले तोवर चावडी आली. कट्ट्यावर गावची जाणती माणसं बसलेली. एकाएकी सगळ्याजणी थांबल्या, पदर डोक्यावर ओढले, चपला काढून हातात घेतल्या आणि खाली माना घालून चालत चावडीपुढून गेल्या. चावडी संपल्यावर चपला पायात घालून पुन्हा पळत सुटल्या. गावाची तशी रीतच होती, बाईने चावडीपुढून चप्पल घालून जायचं नाही आणि घाईने तर नाहीच. कट्ट्यावरचे हसले. शर्यतीच्या मध्ये अशी अदब मी कुठे पाहिली नव्हती, मलाही हसू आवरेना.

काकू थांब्यावर घागर घेऊन उभ्या होत्या. तिथून चावडी सरळ दिसते. त्या हसल्या नाहीत. घागर तशीच कडेवर घेऊन घरी निघून गेल्या, त्या वर्षी बक्षीस कुणालाच मिळालं नाही.

संध्याकाळी त्यांनी मला गोठ्यात बोलावलं आणि सगळं सांगितलं. बहात्तरच्या दुष्काळात मुलगा लांबच्या तलावाच्या कामावर होता, घरात काकूंचे सासरे अंथरुणाला खिळलेले, सरकारने वाटलेल्या सुकडीवर दिवस निघत होते. विहिरीच्या तळातलं गढूळ पाणी पिऊन सुगंधाच्या दीड वर्षाच्या पोराला हगवण लागली. संध्याकाळी तो मान धरेना, तेव्हा काकूंनी सुनेला एसटीने उमरग्याच्या दवाखान्यात जायला सांगितलं. सुगंधा पोराला उराशी धरून पळत निघाली. चावडी आल्यावर तिने चपला काढल्या, पदर घेतला आणि चालू लागली. थांब्यावरची गाडी तिच्या डोळ्यांदेखत हलली. कट्ट्यावरच्यांना वाटलं, पोरगी माहेरी निघाली असेल, म्हणून गाडीला कुणी हाक दिली नाही. दुसरी गाडी सकाळी होती. पोराला सकाळ दिसली नाही.

"तिला ही रीत म्याच शिकवली, बाई," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी दारातनं निघाली तवाबी म्या म्हणलं, चावडीपुढनं नीट जा, लोक बसलेत."

मी आपलं समजावायचं म्हणून म्हणाले, रीत तर साऱ्या गावाची होती.

"गावाचं पोरगं न्हाय गेलं," त्या म्हणाल्या आणि म्हशीपुढे वैरण टाकू लागल्या.

पुढच्या वर्षापासून त्या चावडीसमोर उभ्या राहू लागल्या. कट्ट्यावरून निरोप आला, बायकांना मागच्या वाटेने न्या. काकूंनी उलट निरोप धाडला की मागच्या वाटेला एसटी थांबत नाही. त्या वर्षी भीमनगरातली शांता सगळ्यांच्या पुढे होती. ती चपलांसकट, मान वर करून, सरळ पळत गेली. मागच्यांचे पाय घुटमळले, पण काकूंनी टाळ्यांचा असा धडाका लावला की त्याही गेल्या. भीती नाही वाटली का, असं मी शांताला नंतर विचारलं. ती म्हणाली, "आमी माना खाली घालायचं छप्पन सालीच सोडलं. तुमच्याकडं उशीर झाला, बाई."

शर्यत वाढत गेली. मुरुमच्या बायका आल्या, मग तुळजापूरकडच्या. आता ती शहरात होते, तिला मॅरेथॉन म्हणतात आणि तिच्या वाटेत चावडीच नाही. पण गावातल्या त्या पहिल्या वर्षांत सुगंधा कधी पळाली नाही. शर्यतीच्या दिवशी ती दूध मोजायला बसायची. काकू तिला स्वतः कधी म्हणाल्या नाहीत, मला म्हणायच्या, "तिला सांगा की. एकदा तिला तितनं पळत जाताना बघितलं की म्या सुटले." मी सांगायची. दूध नासेल, एवढंच सुगंधा म्हणायची.

मग काकूंना दम्याने धरलं. त्या वर्षी चावडीसमोर त्यांच्यासाठी शाळेतली खुर्ची नेऊन ठेवली. बायका उभ्या राहिल्या आणि बघते तर त्यांच्यात सुगंधा. मला इतका आनंद झाला की शिट्टी दोनदा वाजवली. नेहमीसारखी बोळातून मी चावडीपाशी पोचले, तेव्हा ती सगळ्यांच्या पुढे पळत येत होती. काकू खुर्चीला धरून उठल्या.

चावडी आली आणि सुगंधा थांबली. तिने पदर डोक्यावर ओढला. चपला काढून एका हातात घेतल्या, दुसरा रिकामा हात दुमडून छातीशी धरला आणि मान खाली घालून चालू लागली. बाकीच्या बायका दोन्ही बाजूंनी तिला मागे टाकत गेल्या. काकूंनी टाळी वाजवली नाही. चावडी ओलांडून तिने चपला घातल्या आणि ती पुन्हा पळत सुटली.

काकू खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, "अशी गेली व्हय."

मला सुगंधाचा भयंकर राग आला. त्या दिवसापासून मी तिच्याशी कामापुरतीच बोलायची. काकू दसऱ्याआधी गेल्या. शेवटच्या महिन्यांत त्यांना भरवणं, पुसणं, पाय चेपणं सगळं सुगंधाने केलं, आणि कुरकुर न करता केलं. त्यामुळे तर मला ती अधिकच कळेनाशी झाली. तेराव्यानंतर मी तिला चुलीपाशी गाठलं आणि सरळ विचारलं की मरायला टेकलेल्या बाईवर असा सूड का उगवलास.

तिने चुलीतलं लाकूड मागे ओढलं. तिला राग आला नव्हता.

"सूड न्हाय, बाई. इतकी वर्सं त्या तितं उभ्या राहून परक्या बायकांचे पाय बघत व्हत्या. म्या कशी गेले ते त्यांनी कुठं बघितलं व्हतं? म्हणलं, जायच्या आधी बघू द्या."