ढोलीवरचा दुसरा मोर

'पाण्याला स्मरण असते.' माझ्या जलरंगांच्या प्रदर्शनाच्या पत्रिकेत हे वाक्य छापलं होतं. मीच लिहिलं होतं... माझा त्यावर काडीचाही विश्वास नाही. भूतखेत तर दूरच.

जुन्या घरगुती वस्तूंची चित्रं काढतो मी – सूप, जातं, पाट. आहे तसं काढायचं, पदरचं काही घालायचं नाही.

मागच्या हिवाळ्यात कामठ्याला अनुसयाबाई नावाच्या शेतकरणीकडे गेलो. त्यांच्याकडे धान साठवायची मातीची ढोली होती, पोटावर मातीचाच उठावदार मोर. टाइल्स बसवायच्या म्हणून दुसऱ्या दिवशी फोडणार होते. आमच्याही घरी होती अशी. खालच्या भोकातला चिंधीचा बोळा काढला की धान सरसर यायचं... तो आवाज आता कुठेच ऐकू येत नाही.

दारातल्या उजेडात बसून तिचं चित्र रंगवलं. वाळल्यावर पाहतो तर – मोर दोन! दुसऱ्याच्या चोचीत धानाची लोंबी. ढोलीवर तिथे नुसतं सारवण.

ओल्या ब्रशने पुसणार, तेवढ्यात अनुसयाबाईंनी कागद ओढला.

"कोनं सांगतलं जी तुमाले?"

"कोणी नाही. चुकून..."

"लोंबीबी चुकून?" त्यांनी चित्रातल्या दुसऱ्या मोरावर बोट ठेवलं. "हा कौतिकाचा मोर होय."

कौतिका म्हणजे धाकटी जाऊ. दोघींनी मिळून ढोली घडवली, एकेक मोर काढला. पुढे घराच्या वाटण्या झाल्या, कौतिकाबाई तिरोड्याला गेल्या आणि रागाच्या भरात अनुसयाबाईंनी तिचा मोर मातीनं लिंपून टाकला. तेव्हापासून बोलणं बंद. "पोरालेबी माईत नाही जी हे."

त्यांनी ओल्या फडक्यानं ती माती हळूहळू पुसली. आधी लोंबी निघाली... मग चोच. माझ्या अंगावर काटा आला. थंडीही होती, हे नमूद करतो.

"माय, उद्या मिस्त्री येऊन राहिला ना!" मुलगा म्हणाला.

"येऊ दे. ढोलीले हात लावशीन तं पाहून घेजो! काकूले फोन लाव आधी."

कौतिकाबाई दुसऱ्याच दिवशी आल्या. दोघी जावांनी मिळून मोराच्या कडांना उरलेली माती पुसून काढली. मग डोळे पुसून कौतिकाबाईंनी माझं चित्र निरखलं. "माहा मोर एवढा जाडा नव्हता जी."

सारवणाखालचा फुगवटा नकळत दिसला असेल, असं मी स्वतःला समजावतो. पण लोंबी?

ढोली अजून उभी आहे. वर वायफायचा डबा ठेवलाय. रेंज चांगली येते म्हणतात.