फुली मारलेला बहावा

"वाळला नाय तो, साहेब. पानं टाकलीत निसती."

कडूबाई खराटा काखेत धरून सांगत होती. बागेचा नवा सुपरवायझर इंद्रजीत बहाव्याच्या बुंध्यावर लाल रंगाची फुली मारत होता.

"मावशी, एक तरी पान दाखवा याच्यावर."

"चैत सरू द्या, फुलंच दाखविते. पिवळी जर्द, झुंबरावानी लोंबतेत."

"यादी वर गेली. उद्या तोडणारे येतील. इथं सेल्फी पॉइंट व्हणार हाय."

"मंग लोकं फोटू कशासंगं काढतीन? पाटीसंगं?"

इंद्रजीत हसला आणि रंगाचा डबा घेऊन पुढच्या झाडाकडं गेला.

कडूबाई कन्नड तालुक्याकडची. तिच्या आधीची चार लेकरं गेली, म्हणून आईनं हिचं नाव कडू ठेवलं. मरणानं तोंड लावून थुंकून द्यावं म्हणून. मरण थुंकलं, पण काम काही थुंकलं नाही. सतरा वर्षं झाली ह्या बागेत झाडून. खराट्याखाली काय येतं त्यावरून तिला महिना कळतो. माघात काटेसावरीची जाड फुलं, फाल्गुनात पांगारा, मग बहाव्याची पानं, मग त्याच्याच पाकळ्या. शहरातली माणसं वर बघून वा वा करतात. हिची मान खालीच.

गेल्या साली असाच एक पांगारा वाळलेला म्हणून तोडला. पंधरा दिवसांत खोडाला कोंब फुटले. आता गेटजवळ हा बहावा तेवढा राहिला. मे महिन्यात त्याच्याखालीच ती डबा खाते. तो गेला तर उन्हातच बसायचं.

दुसऱ्या दिवशी आप्पाराव मशीन घेऊन आला. तोडायच्या कामात त्याचं वय गेलेलं. कडूबाई हातापाया पडली नाही. कंबर धरून उठली आणि एवढंच म्हणाली, "आप्पाराव, आधी साल खरडून बघा."

त्यानं कोयत्याचं टोक लावलं. आत हिरवंगार. बोट लावलं तर ओलं.

"साहेब, हे जितं हाय. मला वाळल्याचा कागद दिलाय तुम्ही. ओल्या झाडाला मशीन लावली तर माझ्या गळ्यात यायचं."

इंद्रजीतनं स्वतः बोट लावून बघितलं, फोन केला, दोनदा 'व्हय सर' म्हणाला. मग यादीतला बहावा खोडला आणि पेन तसाच धरून उभा राहिला.

"कारण काय लिहू, मावशी?"

"लिवा, दरसाल असंच करतंय."

त्यानं खरंच तसं लिहिलं.

"पुढच्या साली दुसरा साहेब यील," कडूबाई म्हणाली. "पुन्हा फुली. पुन्हा मी सांगायचं."

लाल रंग तिनं ओल्या फडक्यानं घासून बघितला. निघाला नाही. फडकं कमरेला खोचलं, खराटा उचलला. गेटपासून बाकड्यापर्यंतचा पाला अजून तसाच पडला होता.