तेच तीन आकडे

ओहोटी लागली की खाडीच्या चिखलाचा खारट वास घरात शिरतो, आणि मला ती सकाळ आठवते. शाळेतून मला लवकरच काढलेलं, बघा. आकडे शिकवले ते थोरल्या भावाने, मिठागराच्या ओल्या वाफ्यात काठीने काढून. "कुठलेही तीन आकडे दोनदा लिही गो," तो म्हणायचा, "मग सातने भाग, येईल त्याला अकराने, मग तेराने. शेवटी तेच तीन परत येतात का न्हाय बघ!" मालक दिसला की दादा पायाने चिखल तुडवून सगळं सारखं करायचा. म्हातारपणी त्याला काही आठवेनासं झालं. डॉक्टरांनी हात टेकले, तरी एका सकाळी मी वेड्या आशेने त्याला त्याच मिठागरावर नेलं आणि चिखलात लिहिलं, ३५८३५८. "दादा, भाग बघू हा सातने." तो आकड्यावर वाकला. मग एकदम रागावला, "वाफ्यात रेघोट्या कोण मारतंय? मालक बघंल ना!" आणि जुन्याच सफाईने आकड्यावर पाय फिरवू लागला. सगळं सपाट झाल्यावर मायेने म्हणाला, "बाय, तू कोणाची गो?" आता दुपारी मी एकटीच भागाकार मांडते. तेच तीन आकडे परत येतात, दर वेळी.