जयवंताने टाकलेल्या तारा

निमगाव केतकीची जयवंता कोकरे म्हाळसाकांत साखर कारखान्यात नोकरीला लागली ती १९९३ साली, गळीत हंगामाच्या तोंडावर. तिचे वडील तात्याबा तरुणपणी मेंढरं घेऊन कोकणापर्यंत जाऊन यायचे. पोरगी शाळेत हुशार निघाली तसा त्यांनी कळप मोडला, थोड्या जमिनीत ऊस लावला आणि तिला बारामतीला इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला घातलं. भावकीतल्या लोकांनी नाकं मुरडली. तात्याबांनी तिची फी भरली.

कारखान्यात तेव्हा संगणक नवे होते आणि ज्याच्या त्याच्या खोलीत होते. फाटकाजवळच्या शेतकी खात्यात उसाच्या लागणीच्या नोंदी. गाडीतळापलीकडच्या काटाघरात उसाची वजनं. जुन्या दगडी इमारतीत हिशेब. एका खात्याची माहिती दुसऱ्या खात्याला हवी असली की फ्लॉपीवर उतरवायची आणि शिपायाने सायकलवरून नेऊन द्यायची. हवेत बगॅसची, म्हणजे उसाच्या चोथ्याची, भुकटी, चिमणीची काजळी. निम्म्या फ्लॉप्या वाटेतच नासायच्या. मधल्या कचेरीत बसून या सगळ्या यंत्रांकडे बघणं हे जयवंताचं काम.

त्या पहिल्याच हंगामात कन्हेरीच्या प्रयागबाईचा ऊस काट्यावर अडला. बाई विधवा, एकटीनं शेती बघणारी. तिच्या गटाचा नंबर शेतकी खात्यात चुकीचा पडला होता, तो तिने हेलपाटे घालून दुरुस्त करून घेतला होता. पण ती दुरुस्ती काट्यावरच्या यंत्रात पोहोचलीच नव्हती. कारकून म्हणाला, "मावशी, हितं तुमची नोंदच न्हाय. गाडी बाजूला घ्या."

"आरं, नोंद न्हाय तर तोडीची चिठ्ठी कुणी दिली? मी काय चोरून ऊस आणलाय व्हय?"

कारकुनाचंही चुकत नव्हतं. त्याच्या पडद्यावर जे दिसत होतं तेच तो बोलत होता. भरलेल्या गाड्या दिवसभर उन्हात उभ्या राहिल्या. बैल खाली मान घालून चाकाच्या सावलीला सरकत होते. संध्याकाळी कुणीतरी जयवंताला बोलावलं. तिने शेतकी खात्यात जाऊन नवी फ्लॉपी भरली, पळत काट्यावर आणली आणि गाड्या आत गेल्या. प्रयागबाई पदराने तोंड पुसून तेवढं म्हणाली, "बाई, तुमच्या एका कारखान्यात किती कारखानं हायत गं?"

ते जयवंताच्या डोक्यातून जाईना. ऊस एक, शेतकरी एक, आणि त्याची माहिती तीन ठिकाणी तीन तऱ्हेची. तिने ठरवलं, माहिती एकाच ठिकाणी ठेवायची, एका मोठ्या यंत्रात, आणि सगळ्या खात्यांनी तारेवरून तिथलीच वापरायची.

कार्यकारी संचालक बापूसाहेबांना तिने हे सांगितलं. ते जुन्या वळणाचे, पण ऐकून घेणारे. "तार टाकशील गं तू," ते म्हणाले, "पण ही माणसं आपापली कपाटं उघडतील का? आधी त्यांना भेट."

तारेपेक्षा ते काम अवघड निघालं. हिशेब खात्याचे प्रमुख अप्पा तिला बसाही म्हणाले नाहीत. "माझे आकडे काट्यावरच्या पोरानं बदलले तर जबाबदार कोण? तू?" शेतकी अधिकारी सावळाराम, ज्यांना सगळे आबा म्हणायचे, त्यांची भीती वेगळी होती. ते हळूच म्हणाले, "नोंदी सगळ्यांना दिसाय लागल्या की जो तो मला इचारत बसंल, ह्याचा ऊस आधी का अन् माझा मागं का."

"आबा, आत्ताही विचारतातच की," जयवंता म्हणाली. "तेव्हा निदान दाखवता तरी येईल."

दोघांचं ऐकून तिने आराखडा बदलला. लागणीची नोंद फक्त शेतकी खात्याने करायची, वजन फक्त काट्याने. हिशेब खात्याला दोन्ही दिसतील, पण हात लावता येणार नाही, आणि हिशेबाचे आकडे दुसऱ्या कुणाला उघडायचेच नाहीत. तरी अप्पा अडून बसले. सगळ्या माहितीची एक प्रत रोज टेपवर उतरवून आपल्या तिजोरीत ठेवायची, ही त्यांची अट. जयवंताला ती अट म्हणजे म्हाताऱ्याचा हट्ट वाटली. तिने मान्य केली.

पुढच्या हंगामाची मोळी पडून गाळप सुरू झालं त्याच आठवड्यात तारही सुरू झाली. स्वस्त पडते म्हणून एकच लांब केबल, काटाघरातून निघालेली, शेतकी खात्यातून, मधल्या कचेरीतून हिशेब खात्यापर्यंत गेलेली. जे यंत्र येईल ते तिलाच जोडायचं. काही आठवडे सगळं नीट चाललं. शेतकी खात्यात केलेली दुरुस्ती त्याच क्षणी काट्यावर दिसायची. कारकून लोक एकमेकांना बोलावून ते बघायचे.

मग एक दिवस, हंगाम ऐन भरात असताना, काटा बंद पडला. पडदा गोठल्यासारखा. शेतकी खातंही बंद, सगळंच बंद. गाड्यांची रांग फाटकाबाहेर रस्त्यावर गेली, ट्रॅक्टरवाले हॉर्न वाजवायला लागले. जयवंता केबलचा एकेक जोड तपासत धावत होती. अखेर हिशेब खात्यात सापडलं. झाडलोट करणाऱ्या कुशाबाईने केर काढायला टेबल सरकवलं होतं आणि त्यामागचा जोड निसटला होता. एका ठिकाणी जोड सुटला की अख्खी तार मुकी व्हायची. तिची जातच तशी.

अप्पांनी कुशाबाईला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं. ती भिंतीला टेकून उभी होती. "म्या नुसतं झाडलं हो अप्पा, देवाच्यान्."

"तिला काही बोलू नका," जयवंता म्हणाली. तिचा आवाज चढला होता आणि ते तिलाच नवीन होतं. "केर काढला म्हणून कारखाना बंद पडत असेल तर चूक केर काढणारीची नाही. माझी आहे. तार मी अशी टाकली."

दुसऱ्या दिवशी संचालकांच्या बैठकीत विषय निघाला. पुन्हा फ्लॉपीवर या, असं एकाने सुचवलं. पोरीच्या हातात कशाला दिलं हे, असं दुसऱ्याने. बापूसाहेबांनी हंगाम संपेपर्यंत मुदत मागून घेतली, पण तिची बाजू मांडताना त्यांचा आवाज नेहमीसारखा नव्हता, हे बाहेर बसलेल्या जयवंताला ऐकू आलं.

त्या रविवारी ती निमगावला गेली. बाजाराचा दिवस नव्हता, घरी शांतता होती. तात्याबा अंगणात दोर वळत बसले होते. तिने सगळं सांगितलं आणि सांगता सांगता रडली.

"तुला काढून टाकलंय का त्यांनी?" तात्याबांनी विचारलं.

"न्हाय तात्या."

"काय चुकलं ते ठावं हाय का तुला?"

"व्हय. समदं एका दोरीवर बांधलं, तेच चुकलं. परत्येकाला वेगळी तार पायजे."

"मग सांग की त्यास्नी. हितं रडून काय हुतंय?" आणि ते पुन्हा दोराला लागले. थोड्या वेळाने आत वळून तिच्या आईला म्हणाले, "सारजे, पोरीला च्या टाक."

उन्हाळ्यात कारखाना थंड झाल्यावर जयवंताने काम नव्याने मांडलं. पुण्याला जाऊन दोन-तीन मोठ्या कंपन्यांतली रचना बघून आली. एका पुरवठादाराच्या इंजिनिअरने तिला दुपारभर बसवून समजावलं. मधल्या कचेरीत एक पेटी बसवायची आणि प्रत्येक खात्याला तिथून स्वतंत्र तार द्यायची. एक तुटली तर तेवढंच खातं बंद, बाकीची चालू. काट्यावरच्या यंत्राने दोन दिवसांची वजनं स्वतःजवळही साठवायची, म्हणजे तार गेली तरी ती आली की पाठवता येतील. मोठ्या यंत्रात दोन डिस्क, दोन्हींवर एकच मजकूर. एक गेली तर दुसरी आहेच. आणि इमारती-इमारतींमध्ये तांब्याऐवजी काचेच्या तंतूची केबल, कारण तांब्यातून वीजही धावते.

काचेची केबल महाग. मंडळाने ती एकाच ठिकाणी मंजूर केली आणि ठिकाण तिलाच निवडायला सांगितलं. तिने काटाघर निवडलं. गाड्या तिथे उभ्या राहतात, माणसं तिथे उन्हात थांबतात. शेतकी आणि हिशेब खात्याला तांब्याचीच तार गेली. पुढच्या बैठकीत तिने ते धोक्याचं असल्याचं सांगितलं. मंडळाने ऐकून घेतलं, मंजूर काही केलं नाही.

दोन हंगाम असे गेले की लोक तारेबद्दल बोलायचंच विसरले. एकदा एक डिस्क जळाली. जयवंताने पुण्याहून दुसरी मागवून बसवली तेव्हा अप्पांनी विचारलं, "आता किती वेळ बंद राहणार?" ती म्हणाली, "बंद पडलंच नाही अप्पा." अप्पांनी चष्मा काढून पुसला आणि त्या दिवशी तिला पहिल्यांदा चहा पाजला.

१९९७ च्या एप्रिलमध्ये, हंगाम रेंगाळलेला असताना, दुपारी वळवाचं आभाळ आलं. शेतकी खात्याशेजारच्या बाभळीवर वीज पडली. आवाज एवढा मोठा की गाडीतळावरचे बैल उधळले. माणूस कुणी दगावला नाही. पण वीज तांब्याच्या तारेतून मधल्या कचेरीत शिरली, पेटी जाळली आणि मोठ्या यंत्रात घुसली. जयवंताने झाकण उघडलं तेव्हा जळक्याचा वास आला. दोन्ही डिस्क गेल्या होत्या.

ती तिथेच खुर्चीवर बसली. तेवढ्यात काट्यावरचा कारकून भिजत आला. ती उठायच्या आधीच त्याने सांगितलं, "मॅडम, आमचं चालू हाय. गाड्या चालल्यात. नुसतं सांगाय आलो."

काचेतून वीज गेली नव्हती. काटाघर एकटं, स्वतःच्या आठवणीवर, उसाची वजनं घेत होतं.

अप्पा छत्री घेऊन आले. आदल्या संध्याकाळची टेप त्यांच्या तिजोरीत होती. त्यांनी ती रुमालात गुंडाळून आणली होती आणि ती तिच्या हातात देताना ते फक्त म्हणाले, "सांभाळून." दुसऱ्या दिवशी पुण्याहून नवं यंत्र आलं, त्यावर टेप उतरवली आणि काट्यानं साठवलेली वजनं आपोआप येऊन मिळाली. एकही गाडी परत गेली नाही.

गेलं ते एवढंच, वीज पडली त्या दिवशी सकाळी शेतकी खात्यात केलेल्या खोडव्याच्या, म्हणजे तोडणीनंतर पुन्हा फुटणाऱ्या उसाच्या, नोंदी. शेतकरी बोलले तशा कारकुनाने त्या थेट यंत्रात भरल्या होत्या, कागदावर काही नव्हतं. जयवंता आणि आबा जीप घेऊन निघाले. त्या सकाळी आलेल्यांची कारकुनाला आठवली तेवढी नावं घेऊन ते वस्त्यांवर फिरत राहिले. एका वस्तीवरून दुसरीचा पत्ता लागायचा. माळेगावच्या बाजूला एका म्हाताऱ्याने दोघांना गुळाचा चहा दिला आणि विचारलं, "नोंद हरवली म्हनून सायेब सोता दारात? मागल्या वक्ताला माजी नोंद हरवली तवा मीच म्हैनाभर तुमच्या दारात हुतो." आबा हसले. पण परतताना जीपमध्ये म्हणाले, "पोरी, माझ्या खात्याला काचंची तार न्हाय म्हणून हे झालं. मी बैठकीत तुझ्या बाजूनं बोलाय पायजे हुतं."

बापूसाहेबांनी तिला सरळ विचारलं, "चूक कुठं झाली?"

"तांब्याची तार ठेवली ती एक," ती म्हणाली. "आणि दुसरी माझी. दोन डिस्क ठेवल्या, पण दोन्ही एकाच यंत्रात. जे एकीला होईल ते दुसरीला होणारच होतं. दुसरं यंत्र दुसऱ्या इमारतीत हवं."

या वेळी मंडळात आबा बोलले. अप्पाही बोलले. सगळ्या इमारतींना काचेची केबल मंजूर झाली आणि दुसरं यंत्र हिशेब खात्याच्या दगडी इमारतीत बसलं.

त्याच वर्षी जयवंताचं लग्न झालं. नवरा राम इंदापूरला शाळेत शिक्षक, स्वभावाने मोकळा. ती इंदापूरहून एसटीने कारखान्यात जाऊ लागली. पुढच्या वर्षी दिवस गेल्यावर तिने हाताखालच्या रेश्माला सगळं शिकवायला घेतलं. कुठली तार कुठे जाते, एक यंत्र गेलं तर दुसरं कसं चालू करायचं, टेप अप्पांकडे कुणी न्यायची. रेश्मा हुशार होती, पण घाबरायची. "ताई, तुम्ही नसताना काही झालं तर?"

"तर मला फोन कर."

मुलगी झाली, प्रतिक्षा. हंगाम सुरू झाला तेव्हा जयवंता घरी होती. शेजारच्या दुकानातला फोन नंबर तिने रेश्माला दिला होता. दुकानात घंटी वाजली की तिचा जीव टांगणीला लागायचा. कुणाकुणाचे फोन येत होते, कारखान्याचा येत नव्हता. जानेवारी सरत आला तेव्हा तिने रामला म्हटलं, "जरा दुकानात विचारून या. त्यांचा फोन नीट चालतोय ना?"

राम जाऊन आला. "चालतोय. तुलाच करमत नाहीये."

ती हसली. मग पाळण्याची दोरी ओढता ओढता डोळ्यांत पाणी आलं, आणि ते का आलं हे तिला रामला धड सांगता येईना. आनंदच होता, पण आपल्यावाचून चाललंय हे कळताना थोडं लागतंही.

फेब्रुवारीत रेश्मा बाळाला बघायला आली. झबलं-टोपडं आणलं होतं. बाळाला मांडीवर घेऊन ती उसाच्या, लोकांच्या, कँटीनच्या गप्पा मारत बसली. तारांचा विषय तिने काढलाच नाही. शेवटी जयवंतानेच विचारलं, "तारांचं कसं चाललंय?"

"त्याला काय झालंय?" रेश्मा म्हणाली, आणि बाळाच्या मुठीतून आपली वेणी सोडवायला लागली.