एनेइदामावशीने आणलेली डिस्क

आमच्या प्लासेतास गावात, इथे न मिळणारं सामान पनामाहून आणणाऱ्या पाच-सहाजणी आहेत, पण ज्याला खात्रीचं हवं तो एनेइदामावशीकडे जायचा. साठीची बाई, दोन्ही गुडघे सुजलेले, तीस वर्षं नर्स होती. येताना अंगावर तीन विजारी एकावर एक चढवून यायची, म्हणजे बॅगेत तेवढी जागा वाचते. कानाच्या यंत्राचे सेल, सायकलची साखळी, कुणाचा चष्मा, सगळं मोज्यांत गुंडाळलेलं. तिकडच्या दुकानदाराला प्रत्येक वस्तू चालवून दाखवायला लावायची, त्याशिवाय घ्यायची नाही. मला पाहिलं की ते कपाळाला हात लावतात, असं स्वतःच हसत सांगायची. तिचं घर तिच्या शब्दावरच्या भरवशावर चालायचं आणि तो शब्द मी मोडीत काढला.

मी ओस्मानी. गावातले कॉम्प्युटर दुरुस्त करतो, आणि त्याचा मला माज होता, हे आधीच सांगून टाकतो.

आमचा एवेलिओ मुलींच्या पंधराव्या वाढदिवसाचे फोटो काढतो. त्याचं फोटो छापायचं यंत्र फक्त जुन्या विंडोज एक्सपीवर चालतं, त्यामुळे नवीन विंडोज टाकायची सोय नाही. कॉम्प्युटर रडतखडत चालायचा. मीच त्याला म्हटलं, एसएसडी मागव, आत काही न फिरणारी नवी डिस्क, मग बघ कसा पळतो. ती मावशीने आणली.

इथे विंडोज कुणी पहिल्यापासून बसवत नाही. प्रत्येक मेकॅनिककडे सगळे प्रोग्रॅम घातलेली एक तयार नक्कल असते, ती डिस्कवर उतरवली की काम उरकलं. माझी नक्कल दहा वर्षांची, शेकडो कॉम्प्युटरवर चाललेली. तीच उतरवली. दोन दिवस बरे गेले. मग फोटो साठवताना कॉम्प्युटर जागच्या जागी थिजायला लागला. वरून मी दर शनिवारी जाऊन फायली ओळीने लावणारा प्रोग्रॅम चालवत होतो, जुन्या डिस्कला चालवायचो तसाच. एसएसडीला त्याचा काडीचा उपयोग नसतो, उलट ती झिजते. पण विचारणार कोणाला? गावातला शहाणा मीच.

एक दिवस पावाच्या रांगेत एवेलिओने सगळ्यांसमोर विचारलं, की माझं काम कधी होणार. वाढदिवसाच्या पोरीची आई फोटोंसाठी रोज दारात येऊन बसते म्हणाला. मला स्वतःची अब्रू वाचवायची होती.

"डिस्क नकली आहे," मी म्हणालो. "मावशीला तिकडे गंडवलं असेल, नाहीतर तिने आपल्याला."

रांगेतले दोघं-तिघं हसले. मला बरं वाटलं, हेही लिहायला हवं.

एवेलिओने डिस्क परत नेऊन दिली. मावशीने वाद घातला नाही, पुढच्या खेपेला दुसरी आणते म्हणाली. पण पुढची खेप झालीच नाही, कारण तिला कुणी काही आणायला सांगेना.

तीन महिन्यांनी तिच्या भाचीने, माइलेनने, प्रिंटर जोडायला बोलावलं. तिचा जुना लॅपटॉप बटण दाबताच उघडला. कोणती डिस्क घातलीस म्हणून विचारलं, तर माझ्याकडे न बघता म्हणाली, "मावशीची. ती नकली."

तिने त्यावर विंडोज सात पहिल्यापासून बसवलं होतं, स्वतःच.

मी घरी येऊन माझी नक्कल उघडून बघितली. डिस्कवर माहिती ठेवायची बारीक घरं असतात, त्यातल्या त्रेसष्ट नंबरच्या घरापासून ती सुरू होत होती. एक्सपी तसंच करतं, हा आकडा मी दहा वर्षं रोज बघत होतो. फिरत्या जुन्या डिस्कला त्याने काही होत नाही. एसएसडी मात्र आठ-आठ घरांच्या खणांत लिहिते. सुरुवातच आठाच्या हिशेबात न बसणारी, म्हणून प्रत्येक तुकडा अर्धा या खणात, अर्धा त्या खणात, आणि एका कामाला दोनदा मेहनत. विंडोज सात पहिल्यापासून बसवलं की ते आपोआप जुळतं, आणि मी सुरुवात नुसती एक घर पुढे सरकवली असती तरी भागलं असतं.

दुसऱ्या दिवशी मावशीकडे गेलो. ती काळा घेवडा निवडत होती.

"मावशी, डिस्क चांगली होती. चूक माझी."

"माहीत आहे. दुकानात दोनदा लावून बघितली होती मी."

"मग बोलली का नाहीस?"

"तू मेकॅनिक. मी तीन विजारी घालून फिरणारी बाई. कुणी ऐकलं असतं?" तिने एक खडा उचलून बाजूला टाकला. "आणि इथे माझ्या कानात काय सांगतोस? रांगेत बोललास ना, मग रांगेत सांग."

सकाळी गेलो. मावशी माझ्या मागे चौथी होती. वाक्य पाठ करून आलो होतो. मोठ्याने म्हणालो, "एवेलिओच्या डिस्कचा घोळ सापडला. मावशीने आणलेली डिस्क एकदम चांगली होती." इथवर ठीक होतं. सगळे माझ्याकडे वळले, आणि तोंडातून निघून गेलं, "जुन्या विंडोजमध्येच दोष असतो. कुणाच्या लक्षात येत नाही तो."

एवेलिओने माझ्या पाठीवर थाप मारली. याच्या नजरेतून काही सुटत नाही, असं कुणीतरी म्हणालं. दोघींनी तिथेच मावशीला औषधं आणायला सांगितली. तिने दोघींची नावं विचारून घेतली. मग माझ्याकडे बघितलं.

"एवढंच?" तिने विचारलं.

"एवढंच," मी म्हणालो.