फडकेबाईंचा देवमासा

देवमासे दाखवायला बंदरातून ज्या बोटी सुटायच्या, त्या धुण्यात बाईंचा जन्म गेला, पण देवमासा काही त्यांनी कधी पाहिला नव्हता. बोट परतली की बाई चढायच्या. बाकाखालची सालं, चिकट कागद आणि लाटांनी लोकांच्या पोटातून काढलेलं सगळं बाईंच्या वाट्याला. देवमासा तेवढा लोकांच्या वाट्याला. खांद्यावर सदा फडकं, म्हणून खलाशी त्यांना फडकेबाई म्हणायचे. त्यांना ते आवडायचं. निदान बाई तरी म्हणतात मेले!

यंदा मुलाने तिकीट काढलं. आईसाठी कसलं? सासूला फिरवायचं होतं, ऐन वेळी बायकोला ताप भरला आणि जागा उरली. तरी बाई हरखल्या. ठेवणीतले कपडे काढले. एकदा, फक्त एकदा, हात मांडीवर ठेवून चार लोकांसारखं बाकावर बसायचं आणि देवमासा बघायचा, एवढीच त्यांची हौस. मुलाची अट एकच होती. आई बोटीच्या कंपनीत ऑफिसात आहे, असं त्याने सासूला सांगून ठेवलं होतं. "तेवढं सांभाळ गं." बाईंना बोचलं, नाही असं नाही. पण पोटच्या पोराची लाज आपण नाही राखायची तर कोणी?

बोटीत चढायच्या फळीवर पाय ठेवतात न ठेवतात तोच म्हातारा खलाशी ओरडला, "या या फडकेबाई! आज नटूनथटून?"

विहीणबाई थबकल्या. "फडके? अहो, तुमचं आडनाव तर वेगळं ना?"

"माहेरचं," मुलगा घाईघाईने म्हणाला. "ऑफिसात तेच लावते."

"अगं बाई! आमच्या शेजारी फडकेच आहेत. तुमच्यातलेच का हो ते?"

"असतील लांबचे," बाई म्हणाल्या, आणि हसू दाबायला पाण्याकडे तोंड केलं. खलाशी जीभ चावून तिथून सटकला.

उघड्या समुद्रात बोट हेलकावायला लागली. विहीणबाई आधी गप्प झाल्या, मग पांढऱ्याफटक पडल्या आणि मग भडाभडा ओकल्या, बाकावर, स्वतःच्या चपलांवर. नेमकी तेव्हाच पलीकडून आरोळी उठली, "देवमासा! डावीकडे बघा, डावीकडे!" अख्खी बोट तिकडे धावली. बाईही उठल्या. आनंदाने त्यांना काही सुचेना.

मुलाने दंड धरला. "आई, हे तेवढं पुसून घे ना. पटकन."

"अरे, एवढं बघून येते आणि मग..."

"तोवर त्या अशाच बसतील का? तुला काय, सवय आहे. मी फोटो काढतो तुझ्यासाठी." आणि पठ्ठ्या कठड्याकडे पळाला.

बाई खाली बसल्या. बादली कुठे, फडकं कुठे, कुणाला विचारायला नको होतं. राग तर आला होता, पण हात मुकाट्याने चालले होते. त्या हातांचाच त्यांना जास्त राग आला. मागे लोक ओरडले, टाळ्या पडल्या. बाईंनी मान वळवली तर समोर नुसत्या पाठी.

विहीणबाईंना जरा हुशारी आली. "अहो, तुम्ही कशाला? ऑफिसातल्या तुम्ही! पण किती सफाईने पुसलंत हो."

झालं. बाईंचा बांध फुटला. "कसलं ऑफिस? बोटी धुते मी. आणि फडके आडनाव नाही माझं, हे बघा, हे फडकं!"

मुलगा मोबाइल नाचवत परत येत होता. तो जागच्या जागी उभा राहिला. "घातलीस ना माती? घटकाभर तोंड बंद ठेवायला काय झालं होतं?"

"बंदच होतं रे. सवय आहे असं मी नाही म्हटलं, तू म्हटलंस."

सासूला हात देऊन तो तिला पुढच्या बाकावर घेऊन गेला. आईला बोलावलं नाही. मोबाइल तर खिशातच गेला.

इतक्यात खलाशी धावत आला. "बाई, उठा! अगदी बोटीजवळ आलाय पुन्हा. असा रोज नाही दिसत!"

बाईंनी फडकं पिळलं. "राहू दे," त्या म्हणाल्या. "बघून घरी सांगू कोणाला?"