ओढ्यातली पंगत

मुलांना तंबूत राहायचं होतं. त्यांच्या वर्गातलं कोणीतरी लोणावळ्याकडं जाऊन आलं, तळ्याकाठचे फोटो दाखवले, आणि आमच्या घरात रोज संध्याकाळी तोच एक विषय सुरू झाला. शेवटी नवरा वैतागून म्हणाला, "तळं कशाला? आपला ओढा काय वाईट आहे?" तंबू त्यानं ऑनलाइन मागवला. वेळ अमावास्येला, म्हणजे मार्गशीर्षातल्या शेतपूजेच्या सणाला, आम्ही सोलापूरहून वळसंगजवळच्या शेतात जातोच. या वर्षी आदल्या दिवशी जायचं आणि ओढ्याकाठी मुक्काम करायचा, असं ठरलं.

सासूबाई गेल्यापासून सासरे आमच्याकडे सोलापुरात असतात. ते म्हणाले, "मीबी येनार तंबूत." मुलं टाळ्या पिटत नाचली. मला मात्र त्यांच्या मनातलं ठाऊक होतं, कारण त्यांनी ते मला स्वयंपाकघरात उभं राहून सांगितलं होतं. त्यांना आपली दोन्ही पोरं एका पंगतीला बसलेली बघायची होती. एवढंच. "मग डोळं मिटलं तरी चालंल," असंही म्हणाले, आणि मी त्यांच्यावर खेकसले.

दोन्ही पोरं म्हणजे माझा नवरा आणि थोरले दीर. ओढ्याच्या अलीकडचं शेत आमचं, पलीकडचं त्यांचं. वाटणी झाल्यापासून दोघांचं बोलणं बंद. का बंद, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून शोधते आहे. मी बार्शीची, आणि आमच्या बार्शीला चौकशीची भारी हौस. नवरा सांगतो, विहिरीच्या मोटारीवरून. नवऱ्याच्या मधल्या आत्या सांगतात, एका बैलजोडीवरून. वाटेकरी म्हणतो, "काय की बाई, कायतरी व्हतं." थोरल्या जाऊबाईंना मी लग्नकार्यात लांबून पाहिलेलं. त्या अक्कलकोटच्या, घरात कानडी बोलणाऱ्या. त्या कशा हसतात, सणाच्या मिसळभाजीत, म्हणजे भज्जीत, काय काय घालतात, हे जाणून घ्यायची मला कोण उत्सुकता! पण ओढा ओलांडायची सोय नव्हती.

तंबू कुठं लावायचा, यावर तासभर वाद झाला. काठावर बाभळीचे काटे. सासऱ्यांनी काठी टेकत ओढ्यात उतरून जागा दाखवली. ओढ्याला पाणी म्हणजे पलीकडच्या कडेनं घोट्याएवढी धार. बाकी सगळी मऊ, कोरडी वाळू. "हितं लावा. काटा न्हाय, दगड न्हाय." नवऱ्यानं मोबाइलवर व्हिडिओ बघत बघत तंबू उभा केला. तो दोनदा त्याच्या अंगावर बसला. पलीकडच्या बांधावर दोन-तीन डोकी दिसली, आमची मजा बघत होती. त्यात जाऊबाई होत्या. त्या पदर तोंडाला लावून हसत होत्या, म्हणजे त्या कशा हसतात ते मला कळलं.

रात्री थंडी चांगलीच होती. सासरे तंबूत मुलांच्या मधे झोपले आणि सकाळी सगळ्यांच्या आधी उठून कोपीजवळ गेले. कोप म्हणजे कडब्याच्या पाच पेंढ्या टेकवून केलेलं खोपटं. आत पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांची पूजा, मग जेवण. मी आदल्या दिवशी बसून केलेली भज्जी होती, तुरीचे, हरभऱ्याचे, वाटाण्याचे ओले दाणे घालून; बाजरीचे वाफवलेले उंडे, भाकरी, शेंगापोळी, मडक्यात आंबील. पलीकडं, बरोबर समोर, त्यांचीही कोप उभी होती. दोन्हीकडच्या भज्जीचा वास ओढ्यात एकत्र येत होता. त्यांच्यात लसूण जास्त असावा.

जेवणाआधी चरगा. घरातल्या एकानं सगळ्या पदार्थांचा काला टोपलीत घेऊन शेताच्या कडेनं शिंपत जायचं, दुसऱ्यानं मागून तांब्यातलं पाणी शिंपायचं. आमच्या घरात याचे नियम कडक आहेत. चरगा घेतलेल्या माणसाला हाक मारायची नाही, आडवं जायचं नाही, फेरी पुरी झाल्याशिवाय त्यानं थांबायचं नाही. आणि तो जेवल्याशिवाय कुणी घास घ्यायचा नाही. चरगा गेली काही वर्षं नवरा घेत होता. या वर्षी सासऱ्यांनी टोपली उचलली आणि नवऱ्याच्या हातात तांब्या दिला. "तू मागं ये."

दोघं बांधाबांधानं गेले. ज्वारी खांद्याएवढी झालेली, त्यातून सासऱ्यांचा फेटा तेवढा दिसत होता. शेताच्या शेवटी पोचले, की तिथून ओढ्याच्या कडेनं कोपीकडं परत वळायचं. सासरे वळले नाहीत. ते सरळ ओढ्यात उतरले, धोतर वर धरून धारेतून गेले आणि पलीकडच्या शेतात शिंपायला लागले.

नवरा धारेशी थबकला. मी इकडून बघत होते. हाक मारायची नाही. थांबायचं नाही. त्यानं माझ्याकडं बघितलं, मी काय सांगणार? मग त्यानं पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि भावाच्या शेतात पाऊल टाकलं. वाटणीनंतर पहिल्यांदा.

पलीकडं थोरले दीर आपली टोपली भरून तयार उभे होते. वडील त्यांच्या बांधावरून काला उडवत येताहेत, आणि मागून पाणी शिंपत कोण, तर आपला न बोलणारा भाऊ! त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं. एका शेताला एकाच दिवशी दोन चरगे होत नाहीत. त्यांनी टोपली हळूच खाली ठेवली. जाऊबाई मात्र पुढं झाल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "बर्री मामा, बर्री." या, या.

सासरे त्यांच्या कोपीवरून तसेच पुढं गेले. पुरी फेरी घालून पुन्हा ओढ्यात उतरले, आणि ना त्यांच्या कोपीशी गेले, ना आमच्या. तंबूसमोर वाळूत बसले. रिकामी टोपली शेजारी ठेवली.

"मामा, तिकडं चला की जेवायला," मी म्हणाले.

"हितंच वाढ."

"इथं? ओढ्यात?"

"व्हय. ह्या शेताची वाटनी झाली, त्या शेताची झाली. ओढा कुनाला आलाय? सरकारी हाय. हितं कुनीबी बसावं." मग दोन्ही काठांकडं बघत मोठ्यानं म्हणाले, "दोगं आल्याबिगर मी घास घेनार न्हाय."

चरगा आता दोन्ही शेतांचा; ते जेवत नाहीत, तोवर दोन्हीकडं कुणीच जेवायचं नाही. मुलं अलीकडं, पुतणे पलीकडं, सगळी भुकेनं कळवळलेली. मला राग आला, हसूही आलं. हे विसरून पलीकडं गेले की ठरवून, असा प्रश्न ओठावर आला होता, तो गिळला आणि मी सतरंजी घेऊन वाळूत उतरले. समोरून जाऊबाई आंबिलाचं मडकं डोक्यावर घेऊन धार ओलांडत होत्या. आम्ही दोघींनी एकमेकींना विचारलंच नाही. त्यांनी माझ्या भज्जीत बोट बुडवून चाखलं आणि मान डोलावली. मग त्यांची भज्जी आली, आणि त्या तिच्यात बोरं घालतात, हे मला चाखून कळलं.

बायका बसल्यावर पुरुष किती वेळ उभे राहणार? आधी नवरा आला. मग थोरले दीर. ते वडिलांच्या उजवीकडं, हा डावीकडं. दोघं तंबूकडं बघत होते, जणू त्यात काही लिहिलेलं आहे. सासऱ्यांनी पहिला घास घेतला आणि पोरं तुटून पडली.

सासरे फार सावकाश जेवत होते. एक एक दाणा चावत होते. सगळ्यांची ताटं रिकामी झाली, पण वडील उठल्याशिवाय मुलांना उठता येत नाही. माझं त्यांच्या ताटाकडं लक्ष गेलं आणि मला उमगलं. जेवण संपलं की ही दोघं उठून दोन काठांना जाणार, म्हणून म्हातारा जेवण संपू देत नव्हता.

"अजून एक उंडा वाढ," ते मला म्हणाले. डॉक्टरांनी त्यांना अर्ध्या भाकरीच्या वर खायला बंदी केली आहे. दोन भाकरी आणि उंडे आधीच झाले होते. कपाळावर घाम आला होता. मी तशीच उंडा हातात घेऊन बसले. "वाढ म्हनतो न्हवं."

थोरले दीर अस्वस्थ झाले. त्यांनी वडिलांकडं बघितलं, मग वडिलांच्या पलीकडं. "सांग की त्यांस्नी, बास म्हनून," ते म्हणाले.

"तूच सांग की," माझा नवरा म्हणाला. "तू थोरला हाईस. माझं कुटं ऐकतेत?"

"तुझ्याकडं राहतेत न्हवं? तू काय बघतोस? असं खाऊ देतोस?"

"अरं, घरी अर्धी भाकरी खातेत दादा! हितंच काय झालंय काय की!"

सासरे एकदा उजवीकडं बघत होते, एकदा डावीकडं. दोघं त्यांच्या डोक्यावरून भांडत होते, आवाज चढला होता, आणि थांबायचं नाव नव्हतं. सासऱ्यांनी दोन्ही हात ताटावर आडवे धरले.

"आता नगं," ते मला म्हणाले. "प्वाट भरलं."